ग्रामसभेतले वाद : ठराव टिकतो कधी आणि पडतो कधी?

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार तारखा जवळ आल्या की गावोगावचे प्रश्न येतात. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ नुसार आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. भांडण मात्र सभा झाली की नाही यावर क्वचितच होतं. होतं ते सभेनंतरच्या कागदावर. या वेळचे प्रश्न त्याच अंगाचे आहेत.

प्रश्न : आमच्या गावात १,२४० मतदार आहेत. सभेला तीस-चाळीस माणसं येतात. नंतर शिपाई घरोघरी हजेरी रजिस्टर फिरवून सह्या गोळा करतो. असे ठराव ग्राह्य धरायचे का?

नाही. हजेरी म्हणजे सभेच्या जागी, सभेच्या वेळी हजर असणं. गणपूर्ती, म्हणजे सभा चालायला लागणारी किमान हजेरी, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. तुमच्याकडे १५ टक्के म्हणजे १८६ होतात, म्हणून १०० माणसं पुरतात. ४८० मतदारांच्या गावाला ७२ लागतील.

मुळात या बनवाबनवीची गरजच नाही. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब करायची आणि दुसरी तारीख द्यायची. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. खरा धोका तिथेच आहे. तहकूब सभेला गाव फिरकत नाही आणि मोजक्या माणसांत मोठमोठे विषय मंजूर होतात. म्हणून तहकुबीची तारीख फलकावर लागली का ते पाहा आणि मूळ नोटिशीतलेच विषय चालवावेत, असा आग्रह धरा.

नेहमीच्या सभेची नोटीस सात दिवस आधी लागते, विशेष सभेची चार दिवस आधी. सभा सुरू झाली की उभं राहून सचिवांना, म्हणजे ग्रामसेवकांना (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी), विनंती करा : ‘हजर संख्या मोजा आणि इतिवृत्तात आकड्यात व अक्षरी लिहा.’ एवढं एक वाक्य लिहिलं गेलं की नंतर सह्या वाढवता येत नाहीत. तरीही रजिस्टर फिरलंच, तर गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

प्रश्न : सभेत गटारीवर तासभर चर्चा झाली. इतिवृत्तात फक्त ‘गटार दुरुस्त करण्याचे ठरले’ एवढंच आहे, आणि सभेत न निघालेला एक ठराव शेवटी दिसतो. काय करावं?

यात दोन दुखणी आहेत. पहिलं, ठराव मोघम आहे. ‘गटार दुरुस्त करण्याचे ठरले’ या चार शब्दांवर कुणालाच जाब विचारता येत नाही. ठराव असा हवा : ‘वॉर्ड क्र. २ मधील मारुती मंदिर ते अंगणवाडी ही १२० मीटर गटार बंदिस्त करण्याचे काम चालू वर्षाच्या विकास आराखड्यात घ्यावे. खर्च वित्त आयोगाच्या स्वच्छतेसाठीच्या बंधित निधीतून करावा. अंदाजपत्रक पुढील मासिक सभेपुढे ठेवावे.’ खाली सूचक, अनुमोदक आणि मतभेद असल्यास बाजूचे व विरोधातले आकडे. जागा, माप, पैशाचं शीर्ष (पैसा कोणत्या निधीतला) आणि मुदत यांपैकी एक जरी राहिलं, तरी काम लोंबकळतं.

शीर्षाचं भान फार महत्त्वाचं. २०२१-२६ साठीच्या १५व्या वित्त आयोगाच्या निधीत ६० टक्के रक्कम बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठीच राखलेली, तीही निम्मी पिण्याच्या पाण्यासाठी आणि निम्मी स्वच्छतेसाठी. गावाने त्यातून वेशीची कमान मागितली की ठराव तांत्रिक कारणाने परत येतो, आणि गावात मात्र ‘सरपंचांनी काम अडवलं’ अशी आवई उठते. कशावर किती खर्च पडला ते ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर गावाचं नाव निवडून पाहता येतं.

दुसरं दुखणं म्हणजे कोरी जागा. इतिवृत्ताची वही नीट पाहा : शेवटच्या ठरावाखाली सात-आठ ओळी मोकळ्या सोडलेल्या आणि सह्या पार पानाच्या तळाशी. नको असलेला ठराव ‘आयत्या वेळचा विषय’ म्हणून याच फटीत शिरतो. यावर उपाय सभेतच करायचा. सगळे ठराव मोठ्याने वाचून घ्यायचे, शेवटच्या ओळीखाली ‘सभा संपली’ लिहून आडवी रेघ मारायची, लगेच सह्या करायच्या. जमीन, कर, ना-हरकत दाखला असले विषय आयत्या वेळी घेऊच नका. पुढच्या नोटिशीत टाका म्हणा.

आता वेळ गेली असेल, तर माहितीच्या अधिकारात इतिवृत्त आणि हजेरीपत्रक दोन्हींच्या प्रती मागा. अर्जाला १० रुपये, प्रतीला पानामागे २ रुपये आणि उत्तराची मुदत ३० दिवस. पुढच्या सभेत ‘मागील इतिवृत्त वाचून कायम करणे’ हा पहिला विषय असतो. तिथे गप्प बसू नका. हरकत लेखी द्या आणि ती नोंदवायला लावा.

प्रश्न : एका पंचायत सदस्यानेच रस्त्यावर ओटा आणि शेड बांधलं आहे. ग्रामसभेत ठराव झाला तरी कुणी हात लावत नाही.

सार्वजनिक रस्त्यावरचं अतिक्रमण काढण्याचा अधिकार कलम ५३ नुसार ग्रामपंचायतीला आहेच. ग्रामसभेचा ठराव ही वर जोडलेली ताकद. आधी मोजणी झाली पाहिजे. गावठाणाचा नकाशा आणि भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी नसेल, तर ‘ओटा माझ्याच जागेत’ एवढ्या एका वाक्यावर प्रकरण थांबतं. मोजणीनंतर नोटीस, पंचनामा आणि बंदोबस्त मागवून कारवाई, हा क्रम चुकवू नका. पंचायत हललीच नाही, तर जिल्हाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

अतिक्रमण करणारा सदस्य असेल तर आणखी एक वाट आहे. सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण करणारा सदस्य कलम १४(१)(ज-३) खाली अपात्र ठरतो. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा. ‘बांधलं वडिलांनी, मी नाही’ हा बचाव नेहमीचा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या जनाबाई प्रकरणात घरच्यांचं अतिक्रमण पुढे चालू ठेवणाऱ्यालाही अपात्र धरलं आहे.

गायरानाबद्दलही अनेकांनी विचारलं आहे. ग्रामसभेच्या ठरावाने गायरान कुणाच्या नावावर होत नाही. जगपाल सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करायला सांगितलं आणि अपवाद मोजकेच ठेवले : सरकारी अधिसूचनेने भूमिहीनांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना दिलेले पट्टे, किंवा तिथे आधीच असलेली शाळा, दवाखाना यांसारखी सार्वजनिक सोय.

प्रश्न : शेजाऱ्याने बांधावरची वाट नांगरली. ग्रामसभेने रस्ता द्यायचा ठराव केला, तो म्हणतो मानत नाही.

त्याला तो ठराव बांधील नाही. हा विषय तहसीलदारांचा. वहिवाटीची जुनी वाट अडवली असेल तर मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली अर्ज करा. अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. सभा, बैठका, समजुती यांत हेच सहा महिने जातात. वाट मुळातच नसेल, तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून नवा रस्ता मागता येतो. सोबत सातबारा, गाव नकाशा आणि लगतच्या खातेदारांची नावं जोडा.

प्रश्न : बायकांनी ग्रामसभेत दारूबंदीचा ठराव केला, तरी परवानाधारक दुकान चालूच आहे.

परवाना नुसत्या ठरावाने रद्द होत नाही, मतदान लागतं. किमान २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी करायची, सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान, उभी बाटली (दुकान चालू) की आडवी बाटली (दुकान बंद). आणि हे ध्यानात ठेवा : एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. ६२० महिला मतदार असतील तर सह्या १५५ लागतात, मतं ३११. घरी बसलेली प्रत्येक बाई दुकानाच्या बाजूने मोजली जाते.

सह्या दोनशेच्या वर घ्या, कारण पडताळणीत मतदार यादीशी नाव जुळत नाही म्हणून बऱ्याच गळतात. सासरचं-माहेरचं नाव, अंगठा कुणाचा, हे तिथेच तपासून घ्या. ऊसतोडीला जाणारं गाव असेल तर बायका परत आल्यावरच मतदान मागा. हातभट्टी असेल तर मतदानाची भानगडच नाही; थेट पोलीस किंवा राज्य उत्पादन शुल्क विभाग.

प्रश्न : एका कुटुंबाशी कुणी व्यवहार ठेवू नये, असं गावकीने ठरवलं आणि ग्रामसभेतही वाचून दाखवलं.

हा गुन्हा आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धच्या २०१६ च्या महाराष्ट्राच्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. असा ठराव वाचणाऱ्याने, सही करणाऱ्याने आणि त्यासाठी बैठक बोलावणाऱ्याने आपली बाजू कोर्टात मांडायची तयारी ठेवावी. त्या कुटुंबाने पोलीस ठाण्यात लेखी फिर्याद द्यावी. किराणा नाकारला, पाणी तोडलं, लग्नाला येऊ दिलं नाही, हे दिवस-वेळेसह लिहावं.

प्रश्न : सरपंच बाई आहेत, पण खुर्चीवर त्यांचे पती बसतात आणि सभा चालवतात.

पती गावचे मतदार असतील तर ग्रामसभेत उभं राहून बोलू शकतात, इतर कुणाहीसारखे. अध्यक्षस्थान त्यांचं नाही, सह्याही नाहीत. सरपंचताईंना खुर्चीवर बोलवा, विषय त्यांच्याकडूनच पुकारून घ्या. त्या गैरहजर असतील तर उपसरपंच सभा चालवतात. आणि इतिवृत्तात ‘अध्यक्षस्थानी’ या शब्दापुढे कुणाचं नाव पडलंय, ते सही करण्याआधी वाचा.