बकुळीची साल आणि हलणारे दात
प्रश्न : बकुळीच्या सालीने हलणारे दात घट्ट होतात, असे ऐकले आहे. ते खरे आहे का? झाडाचे इतर भागही औषधी आहेत का?

उत्तर : बकुळ हा चिकूच्या कुळातील सदाहरित वृक्ष असून त्याचे शास्त्रीय नाव मिमुसॉप्स एलेंगी असे आहे. त्याच्या सालीत टॅनिन नावाचे तुरट द्रव्य भरपूर असते. त्यामुळे हिरड्या आकसतात आणि त्यांतून येणारे रक्त कमी होण्यास मदत होते, म्हणूनच आयुर्वेदात सालीचे चूर्ण दंतमंजनात आणि काढा गुळण्यांसाठी वापरतात. मात्र दात हलण्याचे कारण बहुधा हिरड्यांखाली साचलेले कीटण आणि त्यामुळे झिजलेले हाड हे असते, आणि ते हाड कोणत्याही काढ्याने भरून येत नाही. तेव्हा आधी दंतवैद्यांकडून दात स्वच्छ करून घ्यावेत. कच्ची फळे चघळण्याचा उपायही याच तुरटपणावर आधारलेला आहे. पिकलेले केशरी फळ खाता येते, पण घशाला थोडे बसते. सुकल्यावरही सुगंध टिकवणाऱ्या फुलांचे चूर्ण डोकेदुखीत तपकिरीसारखे ओढण्याची जुनी पद्धत आहे; दमा असणाऱ्यांनी ती टाळावी.