मशरूम या शब्दातलं 'रूम' म्हणजे खोलीच का? हा शब्द मुळात कुठला?

नाही, खोलीशी काहीही संबंध नाही. 'मश'लाही इथे वेगळा अर्थ नाही. अख्खा शब्द फ्रेंचमधून आला आणि इंग्रजांच्या तोंडी बदलत गेला.

जुन्या फ्रेंचमध्ये तो 'मूसरों'च्या जवळपासचा होता, आणि त्यामागे उत्तरकालीन लॅटिनमधलं 'मुसिरिओ'. फ्रेंचमध्ये शेवाळाला 'मूस' म्हणतात, म्हणून काही अभ्यासक तिकडे बोट दाखवतात. इतरांना ते पटत नाही. मूसरों फ्रान्समध्ये आजही ऐकू येतो, पण गवतात उगवणाऱ्या एखाद-दोन जातींपुरताच. सरसकट सगळ्या अळंब्यांना तिथे 'शांपिन्यों' म्हणतात.

मला यात सगळ्यात रस वाटतो तो शेवटच्या 'म'मध्ये. फ्रेंच शब्दाच्या शेवटी 'न' होता, त्याचा 'म' कसा झाला? हे एकट्या मशरूमचं नाही. खंडणीचा 'रॅन्सम' फ्रेंच 'रांसों'वरून आला आणि 'रँडम' हा 'रांदों'वरून. इंग्रजांनी या शब्दांच्या अखेरीस ओठ मिटले, एवढंच. मग 'मशरम' ऐकणाऱ्याला त्यात ओळखीचा 'रूम' सापडला आणि स्पेलिंग तसं रुळलं. मधल्या काळात 'मशरम्प' असंही रूप होतं. शेक्सपिअरच्या 'द टेम्पेस्ट'च्या १६२३ च्या छापील प्रतीत तेच आहे.

अर्थांचं म्हणाल तर बहुतेक सगळे अळंबीच्या वागण्यातून किंवा आकारातून निघालेत. मार्लोच्या 'एडवर्ड दुसरा' या नाटकात (छापलं १५९४ मध्ये) राजाच्या लाडक्या गॅव्हस्टनला 'रातोरात उगवलेला मशरम्प' म्हटलंय, म्हणजे कालचा कोण कुठला आणि आज उमराव. इंग्रजीत 'मशरूम' क्रियापद म्हणूनही वापरतात, आणि भराभर वाढणं हा त्याचा अर्थही त्याच वाटेनं आला. आपण 'कुत्र्याच्या छत्र्यांसारखे क्लासेस उगवलेत' म्हणतो, तोच हा अनुभव. अळंबी खरोखर एका रात्रीत घडत नाही. तिची बारीक गाठ आधीच तयार असते, पाऊस पडला की तिच्या पेशी पाणी शोषून फुगतात आणि ती वर येते. आकारावरून आलेले अर्थ दोन: नेमावर आदळून टोक पसरलेल्या गोळीसाठी हेच क्रियापद वापरतात, आणि १९४५ पासून अणुस्फोटाच्या ढगालाही हेच नाव आहे.

शेजारचा 'टोडस्टूल' हा शब्दही वाचनात येईल, शब्दशः 'भेकाचं स्टूल'. इंग्रजी बोलणारे साधारणपणे खाण्याजोग्या अळंबीला मशरूम आणि विषारीला टोडस्टूल म्हणतात. शास्त्रात मात्र असे दोन गट नाहीत. 'डेथ कॅप' ही अत्यंत विषारी जात दिसायला अगदी साध्या अळंबीसारखी असते, त्यामुळे रानातली अळंबी जाणकाराला दाखवल्याशिवाय कृपया शिजवू नका.