टीव्हीवर बंद, कानात चालू

प्रश्न : ‘डॉक्टर हू’ ही काळातून फिरणाऱ्या ‘डॉक्टर’ची ब्रिटिश विज्ञानकथा, तिची जुनी टीव्ही सिरीयल 1989 ला बंद पडली, पुढची गोष्ट ऑडिओत आहे म्हणतात, तर सुरुवात कुठून करू? (एक वाचक, रामबाग, इंदूर)

उत्तर : बिग फिनिश ही ब्रिटिश ऑडिओ कंपनी, ते 1999 पासून ऑडिओ नाटकं काढतायत, तीही टीव्हीवरच्याच नटांना घेऊन, पण तुम्ही सरळ 2001 च्या ‘स्टॉर्म वॉर्निंग’पासून धरा. या सिरीयलीत डॉक्टरचं काम करणारा नट बदलत राहतो; त्यातला 8वा डॉक्टर म्हणजे पॉल मॅकगन, त्याला 1996 ला एक टीव्ही फिल्म मिळाली न् तेव्हा तेवढंच, त्याचा डॉक्टर खरा खुलला तो इथेच. गोष्ट घडते आर-101 मध्ये, म्हणजे कराचीला निघालेलं आणि 1930 ला फ्रान्समध्ये पडलेलं ते खरंखुरं एअरशिप, म्हणजे गॅस भरलेला लांबडा फुगा असलेलं उडतं जहाज! इंग्रजी भरभर बोलतात, त्यामुळे सराफ्यातल्या गर्दीत नका ऐकू, रात्री घरी हेडफोन लावून ऐका.