आजोबांची फियाट परीक्षकांसमोर उभी करण्यापूर्वी

आपल्या प्रश्नाचा आशय असा की, गोव्यात डिचोलीला आजोबांची १९६८ सालची, जुन्या जीडीए मालिकेतील क्रमांकाची फियाट ११०० आठ वर्षे शेडमध्ये उभी आहे, येत्या जानेवारीत ती जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत उतरवायची आहे, आणि त्यासाठी ती संपूर्ण नव्याने रंगवावी का व परीक्षक नेमके काय पाहतात, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. याच जातीची आमची गाडी फोंड्याला आहे. ती मी तीन वेळा स्पर्धेत नेली असून दोन प्रदर्शनांत परीक्षकांसोबत फिरून गुणपत्रिका लिहिण्याचे कामही केले आहे. त्या अनुभवावरून आधी एवढेच सांगतो की, अजून रंगाऱ्याकडे जाऊ नका.

परीक्षण असलेल्या स्पर्धेत बहुधा पूर्ण गुणांपासून सुरुवात करून उणिवांचे गुण वजा केले जातात. अमेरिकेतील पेबल बीच येथे १९५० पासून भरणाऱ्या प्रसिद्ध स्पर्धेत शंभर गुणांची पद्धत आहे आणि आपल्याकडची अनेक प्रदर्शने थोड्याफार फरकाने तोच मार्ग धरतात. गाडी कारखान्यातून जशी बाहेर पडली तशी ती आज आहे का, हा परीक्षकांचा मुख्य प्रश्न असतो. मी ज्यांच्यासोबत लिहीत होतो त्या परीक्षकांनी बॉनेट उघडल्यावर इंजिनाच्या चकाकीकडे पाहिलेही नाही. त्यांनी रेडिएटरच्या पाइपवरील क्लिपा, वायरिंगचे आवरण, बॅटरीचे टर्मिनल आणि बॅटरी चार्ज करणाऱ्या जुन्या डायनामोच्या जागी कोणी नव्या पद्धतीचा अल्टरनेटर बसवला आहे का, हे पाहिले. बाहेर आल्यावर त्यांनी टायर पाहिले. या गाडीला ५.२०-१४ मापाचे क्रॉसप्लाय, म्हणजे जुन्या पद्धतीच्या तिरप्या थरांचे टायर असत. आजचे रेडियल टायर रस्त्यावर निश्चितच बरे चालतात, पण त्यांचे गुण जातात. टायरला चमक आणणारे तेलकट द्रव्य फासणेही परीक्षकांना आवडत नाही.

आता रंगाकडे वळतो, कारण आपला खरा प्रश्न तोच आहे. मागच्या सीटखालचा पत्रा, दरवाजाच्या आतील पॅनेलमागचा भाग आणि डॅशबोर्डच्या खालची बाजू उघडून पाहा. या तीन ठिकाणी ऊन आणि नंतरचा रंगारी सहसा पोहोचलेला नसतो, त्यामुळे गाडीचा मूळ रंग तेथे सापडतो. बाहेरचा रंग तोच असेल आणि पत्र्याला चिकटून असेल, तर तो फिका पडलेला असला तरी ठेवा. जुन्या एकथरी, म्हणजे वर पारदर्शक थर नसलेल्या रंगाला पॉलिश करताना फडक्याला रंग लागतो, हे पाहून घाबरू नये. मात्र बॉनेटच्या कडा आणि मडगार्डचे उंचवटे येथे रंगाचा थर पातळ असतो, तेथे यंत्र मुळीच लावू नये. आधी तळहाताएवढ्या जागेवर हाताने करून पाहावे. पत्रा खरोखरच सडला असेल तर तेवढाच तुकडा कापून नवा जोडावा. गंजावर लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारणे ही फसवणूक आहे आणि पुट्टीला चुंबक चिकटत नसल्याने ती चुंबक लावताच उघडी पडते.

रंगवणे अटळच ठरले, तर ते दसऱ्यानंतर करावे. आपण ज्याला ड्युको म्हणतो तो नायट्रोसेल्युलोज रंग दमट हवेत मारला की थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतील बाष्प त्यावर जमते आणि रंगावर दुधाळ पांढुरकी झाक येते. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या आपल्या प्रदेशात हे श्रावण-भाद्रपदात हमखास घडते, आणि चवथीपूर्वी गाडी देतो असे सांगणाऱ्या रंगाऱ्याच्या घाईला बळी पडलेल्या दोन गाड्या मी पाहिल्या आहेत. मेटॅलिक रंग आणि वरचा जाड पारदर्शक थर या गाडीला शोभत नाही. १९६८ साली तो तिच्यावर नव्हता.

हाच न्याय आतल्या भागालाही लागू आहे, आणि येथे मला स्वतःचे नुकसान सांगावेसे वाटते. आमच्या गाडीच्या मागच्या सीटचे मूळ रेक्झिन एका शिवणीवर फक्त वीतभर उसवले होते. ते शिवायला दिले असता कारागिराने सगळ्या सीटना नवे चकचकीत आवरण चढवले आणि जुने रेक्झिन टाकून दिले. गुण गेले, त्याहून अधिक म्हणजे माझ्या वडिलांच्या हाताखाली झिजलेली ती वस्तू कायमची गेली, याचे दुःख आजही आहे. म्हणून काढलेला प्रत्येक भाग, अगदी तुटका स्क्रूसुद्धा, चिठ्ठी लावून डब्यात ठेवायला आणि परत द्यायला सांगा, आणि हे काम देण्यापूर्वी लिहून घ्या. क्रोमचेही तसेच आहे: मुलामा नव्याने चढवताना जुना थर घासून काढावा लागतो आणि बोधचिन्हांवरील अक्षरे बोथट होतात, तेव्हा बारीक ठिपक्यांसाठी हे करू नये.

आठ वर्षे उभ्या असलेल्या गाडीचा स्टार्टर लगेच मारू नका. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे इंजिन ऑइल सोडा, एक दिवस थांबा आणि मग १,०८९ सीसीचे हे इंजिन हाताने फिरवून मोकळे आहे याची खात्री करून घ्या. टाकीतील जुने पेट्रोल पूर्ण काढून टाकी आतून पाहा. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतील पाणी शोषते आणि जुन्या रबराच्या नळ्या व कार्बुरेटरचे गॅस्केट खराब करते, म्हणून नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्या आणि गाडी उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल साठवून ठेवू नका. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. त्यांची सगळी आतली रबरे बदला. गाडी मैदानापर्यंत स्वतः चालत येणे आणि परीक्षकांनी सांगताच हॉर्न, दिवे, साइड इंडिकेटर व वायपर चालणे यालाही गुण असतात.

गोव्यात या सगळ्यापेक्षा मोठा शत्रू म्हणजे ओलावा. दरवाजांच्या आणि उंबरठ्याच्या पोकळ भागाच्या तळाशी पाणी वाहून जाण्यासाठी बारीक भोके असतात. ती आपल्या तांबड्या मातीने बुजतात आणि पत्रा आतून सडू लागतो. ती भोके तारेने मोकळी करा, आत मेण मिसळलेले गंजरोधक फवारा आणि गाडीवर प्लॅस्टिकची ताडपत्री कधीही घालू नका, कारण तिच्याखाली गाडीला घाम येतो. सुती आवरण घालावे आणि टायरखाली लाकडी फळ्या ठेवाव्यात. छायाचित्रासाठी मिरामारच्या किनाऱ्यावर गाडी नेण्याचा मोह होतो. नेलीच तर त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवा.

कागदपत्रांबाबत एक गोष्ट आपल्या उपयोगाची आहे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेल्या, मोठे फेरफार न केलेल्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते. आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक ठेवता येतो, नव्या नोंदणीला ‘व्हीए’ मालिका मिळते. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे आणि दुरुस्ती यांसाठीच ती चालवता येते, हे ध्यानात घेऊन निर्णय घ्या. घटकराज्य होण्यापूर्वीच्या गोवा, दमण व दीवचा जीडीए क्रमांक माझ्या मते तुमच्या गाडीची मोठी शोभा आहे. तो कोणत्याही मोहाने बदलू नका. आरसी पुस्तकातील चॅसी व इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी आजच जुळवून पाहा आणि खरेदीची पावती, सर्व्हिसची वही, मंगेशीच्या देवळासमोर कुटुंबासह काढलेला जुना फोटो असे जे काही सापडेल ते एका फायलीत लावा. मूळ रंग किंवा एखादा भाग सिद्ध करायला असा फोटो फार कामाला येतो.

स्पर्धेच्या दिवशी पहाटेच पोहोचा, कारण दव आणि वाटेतील धूळ पुसायला तासभर लागतो. टायरच्या खाचांतील खडे काढा, डिकीत स्टेपनी, जॅक आणि नट खोलायचे मूळ पाने नीट ठेवा, अग्निशामक सिलिंडर जवळ असू द्या आणि परीक्षकांनी विचारले तेवढेच, पण खरे उत्तर द्या. बदललेला भाग आधीच सांगितला तर त्याकडे बहुधा सौम्यपणे पाहिले जाते. लपवलेला सापडला तर नाही.

आयोजकांकडून यंदाची गुणपत्रिका आत्ताच मागवून घ्या. आणि गाडीला कोणी हात लावण्यापूर्वी मागची सीट उचलून खालच्या पत्र्याचा फोटो उन्हात काढून येथे टाका. रंग मूळचा आहे की नंतरचा, हे मी त्यावरून सांगण्याचा प्रयत्न करीन.