आत्याला घरात त्रास होतोय, हे ओळखायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की आत्यांचा फोन हल्ली कायम स्पीकरवर असतो, भेटायला गेलं की आतेभाऊ समोरून हलत नाही, आणि आत्या म्हणतात, 'माझं बरं चाललंय.' एवढ्यावरून संशय घ्यावा का? घ्या. पण लगेच भांडायला जाऊ नका. मी गेलो होतो.

माझ्या मावशीच्या अंगावर वळ कधीच दिसले नाहीत. चष्म्याची एक काडी मोडलेली, दोरा कानामागून बांधलेला, चार महिने तसाच. बीपीच्या गोळ्या दिवाळीत मीच आणून दिलेल्या, होळीला बघतो तर निम्म्या शिल्लक. चहा पुढे आला की आधी सुनेकडे बघायची, मग कप उचलायची. मी मावसभावाला तिथंच फैलावर घेतलं. पुढे कितीतरी महिने फोनवर एकच उत्तर, 'आई झोपलीये.'

नोव्हेंबरात फॅमिली पेन्शनचा हयातीचा दाखला द्यायचा असतो. मी रिक्षा घेऊनच दारात गेलो. त्याला नाही म्हणता येईना. बँकेच्या बाकड्यावर विचारलं, 'त्रास देतात का गं?' तर मान हलवून नाही म्हणाली. मग सहज विचारलं, 'काल रात्री काय जेवलीस?' तेव्हा रडायला लागली. पासबुक भरून घेतलं. दर महिन्याला पेन्शन जमा झाली की एक-दोन दिवसांत एटीएममधून सगळी काढलेली, आणि कार्ड हिनं कधी हातातही धरलं नव्हतं. ते तिथल्या तिथं बंद करायला लावलं.

2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानं साठीपुढच्या माणसाला प्रांतांकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, निर्वाहासाठी अर्ज करता येतो. वकील लावावाच असं नाही. आत्यांना जाणं झेपत नसेल तर त्यांनी अधिकार दिलेला माणूस, म्हणजे तुम्हीही अर्ज करू शकता. आधी कुणाशी बोलायचं असेल तर 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे. मारहाण होत असेल तर मात्र थांबू नका, सरळ 112.

मावशीनं अर्ज केला नाही. 'पोटच्या पोराला कचेरीत उभं करू?' तेव्हा मला राग आला होता, पण निर्णय तिचा होता. हातात आलेल्या पहिल्या पेन्शनमधून तिनं चष्मा केला.

आणि हो, आत्यांनी घर अजून मुलाच्या नावावर केलं नसेल, तर त्यांना सांभाळायची अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहून घ्या. ती असेल आणि मुलानं मोडली, तर ते रद्द करून मागता येतं. आमच्याकडे ती ओळ लिहायचं कुणाला सुचलंच नव्हतं.