युरोपच्या इतिहासातला असा कोणता छोटा राजा आहे ज्याला फारसं कुणी ओळखत नाही, पण ज्याचं आयुष्य तुमच्या मनातून जात नाही?

माझ्यापुरतं एकच नाव आहे, ग्न्येफ्कोवोचा व्लादिस्लाव. पोलिश उच्चार व्वादिस्वाफ असा काहीसा होतो आणि त्याला मागे लागलेलं विशेषण आहे ब्यावी, म्हणजे पांढरा. मी पोलंडमध्ये नोकरीला होतो तेव्हा ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने जेवणाच्या सुट्टीत ही गोष्ट सांगायला घेतली, तो त्याच भागातला, आणि त्या दिवशी मी परत डेस्कवर जाऊन बसलो तरी डोक्यात तेच चालू होतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. पोलंडमध्ये पियास्त घराणं होतं आणि 1138 नंतर तिथे राज्य पोरांमध्ये वाटायची पद्धत पडली, मग त्यांच्या पोरांमध्ये, मग त्यांच्या. आपल्याकडे सातबाऱ्यावर नावं वाढत जातात आणि शेवटी एकेकाच्या वाट्याला गुंठेच उरतात ना, डिट्टो तसं. कुयावी नावाच्या प्रांतातल्या एका घरात दोन सावत्र भाऊ होते, त्यातल्या व्लादिस्लाव लोकिएतेकने मोडकातोडका पोलंड एकत्र आणला आणि 1320 मध्ये क्राकुफला राज्याभिषेक करून घेतला, आणि दुसऱ्याच्या वंशजांकडे जे तुकडे राहिले त्यातला एक म्हणजे ग्न्येफ्कोवो. तोरून आणि इनोव्रोत्सवाफ या दोन शहरांच्या मध्ये आजही ते गाव आहे, छोटंसंच. म्हणजे आजा एकच, पण एका शाखेकडे मुकुट गेला आणि दुसरीकडे एक गढी आणि आजूबाजूची शेती. आपला व्लादिस्लाव या दुसऱ्या शाखेतला, त्या सावत्र भावाचा नातू.

त्याचं बालपणच उद्ध्वस्त झालेलं. 1332 मध्ये ट्यूटॉनिक सरदार, म्हणजे ते पांढऱ्या झग्यावर काळा क्रॉस लावणारे जर्मन धर्मयोद्धे, कुयावीवर चालून आले तेव्हा त्याच्या वडिलांनी शत्रूच्या हाती पडू नये म्हणून स्वतःचीच गढी पेटवून दिली आणि निघून गेले. पोरगं तेव्हा अगदी लहान. मुलूख परत मिळाला तो थेट 1343 च्या तहात, म्हणजे अकरा वर्षं घर असून नसल्यासारखं.

पुढे वडील गेले, हा गादीवर बसला, एलिझाबेथ नावाच्या सिलेशियातल्या राजकन्येशी लग्न केलं. आणि ती 1360-61 च्या सुमारास वारली. मूलबाळ नाही. इथून पुढे त्याचं जे झालं ते मला आजही अस्वस्थ करतं, कारण त्याने सगळं विकलं. सगळं म्हणजे राज्यच. वडिलांचा चुलतभाऊ असलेला काझिमिर राजा, ज्याला पोलंडमध्ये महान म्हणतात, त्याला 1364 च्या आसपास ग्न्येफ्कोवो एक हजार फ्लोरिनला देऊन टाकलं. एक फ्लोरिन म्हणजे साडेतीन ग्रॅम सोनं, म्हणजे तीन-साडेतीन किलो सोन्यात बापजाद्यांचं वतन गेलं. तेव्हा तो फार तर पस्तिशीचा असेल.

आणि मग भटकंती. माल्बोर्कला गेला, म्हणजे ज्यांच्यामुळे बापाने गढी जाळली त्यांच्याच किल्ल्यात, त्यांच्याबरोबर लिथुआनियाच्या स्वारीवर गेला, प्रागला सम्राट चौथ्या चार्ल्सच्या दरबारात राहिला, जेरुसलेमची यात्रा केली, पोपचा मुक्काम तेव्हा फ्रान्समध्ये अविन्याँला होता तिथेही पोचला. आणि 1366 मध्ये फ्रान्समधल्याच सितोच्या मठात सिस्टर्शियन साधू झाला. हा मठ म्हणजे त्या पंथाचं मूळ पीठ, 1098 पासूनचं, कडक मौन, हातकाम, साधं अन्न. तिथे तो फार दिवस टिकला नाही, जवळच दिजाँ शहरात सेंट बेनीन्यचा बेनेडिक्टाइन मठ होता तिथे गेला आणि तिथे मात्र रमला. इतिहास लिहिणारे याला चंचल म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. बायको गेल्यावर माणूस घर विकतो, गाव सोडतो, तीर्थयात्रा करतो, काही दिवस एकीकडे काही दिवस दुसरीकडे राहतो, हे आपल्या सगळ्यांच्या नात्यात कुठेतरी झालेलं असतं आणि त्याला आपण चंचल नाही म्हणत. त्याने पुन्हा लग्न केलं नाही हेही लक्षात घ्या, त्या काळी त्या घराण्यातल्या माणसाला वारस हवाच असायचा.

आता 1370. काझिमिर शिकारीत घोड्यावरून पडला आणि त्या दुखण्यातून उठला नाही, 5 नोव्हेंबरला गेला. औरस मुलगा नाही. आधी ठरल्याप्रमाणे त्याचा भाचा, हंगेरीचा राजा लुई, पोलंडच्या गादीवर बसला, पण तो राहायचा हंगेरीत आणि कारभार बघायची त्याची आई. पोलंडच्या काही सरदारांना हे झेपलं नाही आणि त्यांना आठवलं की अरे, अस्सल पियास्त रक्ताचा, लोकिएतेकच्या भावाचा नातू तिकडे फ्रान्समध्ये मठात जिवंत आहे.

नात्याची गंमत बघा. व्लादिस्लावची बहीण बोस्नियाच्या राज्यकर्त्याला दिलेली, तिची मुलगी ही लुईची बायको. म्हणजे हा साधू नव्या राजाचा चक्क मामेसासरा! त्याला वाटलं असणार की जावईच तो, आपलं ग्न्येफ्कोवो परत देईल. पण अडचण वेगळीच होती. साधूची शपथ घेतली की तिच्यातून फक्त पोपच सोडवू शकतो, आणि पोप अकरावा ग्रेगरी नाही म्हणाला. बुडाला जाऊन जावयाकडे खेटे घातले, भाचीने शब्द टाकला, तरी नाही.

मग 1373 मध्ये हा माणूस मठाचे कपडे उतरवून मूठभर लोकांनिशी कुयावीत आला. व्वोत्सवावेक, ग्न्येफ्कोवो, झ्वोतोर्याचा किल्ला, शार्लेय, एकापाठोपाठ एक ठिकाणं घेतली. पण पैसा नाही, फौज नाही, राजाचा सुभेदार शुबिनचा सेंजिवुय चालून आला आणि सगळं हातचं गेलं. काही दिवस सीमेवरच्या ड्रेझ्देन्कोत आसरा घेतला आणि 1375 मध्ये पुन्हा झ्वोतोर्या घेतला. त्याच सुमारास लुई काय करत होता बघा, 1374 मध्ये कोशित्सेला सरदारांना बोलावून त्यांचा शेतसारा एका लानामागे (लान म्हणजे जमिनीचं मोजमाप) 12 ग्रोशवरून 2 वर आणला आणि बदल्यात आपल्या मुलींचा गादीवरचा हक्क कबूल करून घेतला. एकीकडे हा पन्नाशीकडे झुकलेला साधू तलवार घेऊन एका गढीत बसलाय आणि दुसरीकडे सगळा व्यवहार करसवलतीवर पक्का झालेला. ज्या सरदारांना त्याची आठवण झाली होती त्यांना आता त्याची गरजच राहिली नव्हती.

झ्वोतोर्याला मी स्वतः गेलोय. तोरूनहून सायकलने जाता येतं. द्र्वेंत्सा नदी जिथे विस्तुलाला मिळते तिथे, संगमावर, लाल विटांच्या भिंतींचे थोडे अवशेष उभे आहेत. विटा आपल्या विटांपेक्षा बऱ्याच मोठ्या, हात ठेवला की खडबडीत लागतात आणि सांध्यातला चुना बोटाला लागतो. मी गेलो तेव्हा शनिवारची दुपार होती, दोन म्हातारे गळ टाकून बसले होते, बाकी कुणी नाही. तिथे उभं राहिलं की कळतं त्याने हीच जागा का धरली, दोन बाजूंना पाणी, नदीवरून जाणारी प्रत्येक नाव दिसते, थोड्या माणसांनी लढायची तर अशीच जागा हवी. 1376 मध्ये सेंजिवुयने हाच किल्ला वेढला. वेढ्यात राजाच्या बाजूने काश्को होता, पोमेरानियाचा राजपुत्र, काझिमिर राजाचा सख्खा नातू, त्याला किल्ल्यावरून आलेला दगड लागला आणि त्या जखमेने तो 2 जानेवारी 1377 ला गेला. म्हणजे एका आज्याच्या दोन शाखा, एक भिंतीच्या आत, एक बाहेर, आणि दगड लागला तो घरातल्याच पोराला. त्या भिंतीपाशी मला हेच सगळ्यात जास्त लागलं.

शेवटी किल्ला सोडावा लागला. लुईने त्याला मारलं नाही, कैदही केलं नाही, हक्क सोडण्याबद्दल दहा हजार फ्लोरिन आणि हंगेरीतल्या पानोन्हाल्माच्या मठाचं प्रमुखपद देऊ केलं. ज्या जमिनीचे एक हजार आले होते तिच्यावर पाणी सोडण्याचे आता दहापट. पानोन्हाल्मा म्हणजे साधंसुधं ठिकाण नाही, 996 पासूनचा हंगेरीतला सगळ्यात मोठ्या मानाचा मठ. तिथेही तो दोनेक वर्षंच राहिला आणि परत दिजाँला, आपल्या जुन्या मठात गेला.

हे सगळं आपल्याला कळतं ते मुख्यतः चार्नकुफच्या यान्कोमुळे. हा काझिमिरचा उपचान्सलर, राजा गेल्यावर त्याच्यावर आरोप झाला की याने थडग्यातली राजचिन्हं काढली, आणि 1371 मध्ये त्याला देशाबाहेर घालवलं. नव्या राजवटीवर त्याचा राग होता हे लक्षात ठेवून वाचायचं, पण त्याने लिहिलं नसतं तर व्लादिस्लाव आज वंशावळीतली एक ओळ असता.

सप्टेंबर 1382 मध्ये लुई वारला, आणि त्याच वर्षी परवानगी आली! तोवर चर्चमध्ये फूट पडून दोन पोप झाले होते, त्यातल्या अविन्याँच्या सातव्या क्लेमेंटने व्लादिस्लावला शपथेतून मोकळं केलं, ज्यासाठी त्याने दहा-बारा वर्षं दारं ठोठावली होती ते कागदावर मिळालं. पण तिकडे त्याची वाट बघणारं कुणी उरलं नव्हतं. 1384 मध्ये लुईची लहान मुलगी यादविगा क्राकुफला गादीवर बसली, म्हणजे त्याच्या बहिणीचीच नात.

1388 मध्ये फेब्रुवारी संपता संपता तो स्ट्रासबुर्गला वारला. त्याच्याबरोबर ग्न्येफ्कोवोची शाखा संपली. त्याला दिजाँला सेंट बेनीन्यमध्ये पुरलं, ते आता शहराचं कॅथेड्रल आहे आणि त्याच्या थडग्याची शिळा तिथे अजून आहे. माझं तिकडे जाणं अजून झालेलं नाही. तुमच्यापैकी कुणी फ्रान्समध्ये त्या बाजूला असेल तर आत जाऊन बघा आणि जमलं तर एक फोटो पाठवा, मी तो माझ्या त्या सहकाऱ्याला पाठवीन, त्यालाही ती शिळा बघायची आहे.