परदेशी ग्राहकांचे पैसे कोणत्या खात्यात घ्यावेत?

नोकरी सोडून तुम्ही सहा महिन्यांपासून घरूनच सॉफ्टवेअर चाचणीचे काम करता, एक ग्राहक अमेरिकेत तर दुसरा जर्मनीत आहे, दोघांचे मिळून महिन्याला साधारण १,५०० डॉलर येतात आणि ते अजूनही जुन्या पगाराच्या खात्यातच जमा होतात. नागपुरात प्रतापनगरच्या आसपास चालू खाते उघडावे का, आणि उघडायचे तर कोणत्या बँकेत, असा तुमचा प्रश्न आहे. मी नागपुरात बसून बारा वर्षांहून अधिक काळ परदेशी कंपन्यांसाठी तांत्रिक लेखन करतो. या काळात तीन बँका बदलल्या, त्या अनुभवावरून सांगतो.

व्यवसायाचे खाते वेगळे असावे आणि ते शक्यतो चालू खातेच असावे. बचत खाते व्यवसायाच्या उलाढालीसाठी वापरू नये, अशी रिझर्व्ह बँकेची भूमिका आहे. त्यामुळे दरमहा परदेशातून पैसे येताना दिसले की बँक केव्हाही खुलासा मागू शकते, आणि तो नेमका घरभाडे किंवा हप्ता भरायच्या आठवड्यात मागितला गेला तर फार अडचण होते. शिवाय पगार येणे थांबल्यावर पगाराचे खाते काही महिन्यांत साध्या बचत खात्यात बदलते आणि अनेक बँकांत किमान शिलकीची अट लागू होते. चालू खात्यावर व्याज मिळत नाही आणि त्याची किमान शिल्लकही बहुधा जास्त असते, म्हणून तिथे गरजेपुरतीच रक्कम ठेवून बाकीची बचत खात्यात वळवावी. हे खाते स्वतःच्या नावाने उघडता येते. व्यवसायाच्या नावाने हवे असेल तर बँक सहसा व्यवसायाचे दोन पुरावे मागते. त्यासाठी उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून होणारी सरकारी नोंदणी) आणि गुमास्ता (दुकाने व आस्थापना नोंदणी) सहसा पुरेसे होतात. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत होते; तिच्यासाठी कोणालाही पैसे देऊ नका.

बँकेचे नाव मात्र मी सांगणार नाही, कारण या कामात एकाच बँकेच्या दोन शाखांमध्येही मोठा फरक पडतो. ज्या शाखेत आयात-निर्यात करणाऱ्यांची खाती आहेत, तिथल्या कर्मचाऱ्यांच्या हाताखालून असे व्यवहार रोज जातात. घराजवळच्या शाखेत बहुतेक वेळा तुमचा कागद मुंबईच्या विभागाला ईमेलने पाठवला जातो, आणि तो कुठे अडकला हे तिथे कोणालाच सांगता येत नाही. प्रतापनगरहून शहरातल्याच सदर किंवा बर्डी भागापर्यंत वर्षातून चार वेळा जावे लागले तरी चालेल, पण परकीय चलनाचे काम जाणणारा माणूस जिथे बसतो, तीच शाखा धरा.

आता दराकडे वळतो, कारण बहुतेक जण इथेच फसतात. माहितीपत्रकावर परदेशी रकमेसाठीचे शंभर-दोनशे रुपयांचे शुल्क ठळक छापलेले असते आणि आपण त्याचीच तुलना करत बसतो. हिशेबाच्या सोयीसाठी बाजारात डॉलर ९० रुपयांना आहे असे धरा. बँकेने तुम्हाला ८८ रुपये ५० पैसे दर दिला, तर १,५०० डॉलरमागे २,२५० रुपये गेले, आणि ही वजावट खातेउताऱ्यावर कुठेही स्वतंत्र ओळीत दिसत नाही. चलन बदलून देण्याच्या सेवेवर जीएसटी लागतो, पण तो संपूर्ण रकमेवर लागत नाही, तर नियमाने ठरवलेल्या मूल्यावर लागतो. १ लाखापर्यंत १ टक्का, त्यापुढे १० लाखांपर्यंत १,००० रुपये अधिक वरच्या रकमेचा अर्धा टक्का असे ते मूल्य काढतात आणि त्यावर १८ टक्के आकारतात. वरच्या उदाहरणात तो कर साधारण २१० रुपये होतो. म्हणजे शुल्क आणि कर एकत्र केले तरी दरातल्या तफावतीच्या पाव भागाइतकेही होत नाहीत. शाखेत 'आजचा टीटी बाइंग दर', म्हणजे परदेशातून आलेले डॉलर बँक ज्या दराने विकत घेते तो दर, 'काय आहे' असे विचारा आणि एफबीआयएल ही संस्था त्या दिवशी जाहीर करते त्या संदर्भ दराशी ताडून पाहा. रक्कम नियमित येणार असेल तर थोडा चांगला दर मिळावा अशी विनंती लेखी करा. मला अशा अर्जावर प्रति डॉलर ४० पैसे वाढवून मिळाले होते.

ग्राहकाने १,५०० पाठवले आणि तुमच्याकडे १,४८० पोहोचले, असेही होते. स्विफ्टने, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशप्रणालीमार्फत, येणारा पैसा वाटेत एखाद्या मध्यस्थ बँकेतून जातो आणि ती आपले शुल्क मधल्यामध्ये कापते. हे शुल्क कोणी सोसायचे, ते करारातच लिहून घ्या.

पैशाइतकाच महत्त्वाचा आहे तो पैशासोबत येणारा कागद. परदेशातून आलेल्या प्रत्येक रकमेला बँक एक उद्देश संकेतांक देते आणि मिळालेल्या रकमेचा दाखला, म्हणजे एफआयआरए, काढून देते. २०१८ मध्ये जीएसटीच्या परताव्यासाठी मी माझे दाखले पहिल्यांदा नीट वाचले. पाठवणाऱ्या कंपनीचे नाव बरोबर होते, डॉलरची रक्कम बरोबर होती, पण खाली उद्देशासमोर 'पी १३०१' लिहिले होते. हा संकेतांक अनिवासी भारतीयांनी कुटुंबाच्या निर्वाहासाठी पाठवलेल्या पैशांचा आहे. थोडक्यात, माझी वर्षभराची कमाई बँकेच्या नोंदीत नातेवाइकांनी पाठवलेला घरखर्च ठरली होती. मला कोणीही काही विचारले नव्हते. वैयक्तिक बचत खाते पाहून कोणीतरी नेहमीचा संकेतांक टाकला होता. तो बदलून घेण्यासाठी करार, प्रत्येक बिलाची प्रत आणि सहीचे पत्र घेऊन मी पाच वेळा शाखेत गेलो. त्यात दोन महिने गेले आणि तोपर्यंत परतावा अडकून राहिला.

तुमच्या कामाला पी ०८०२, म्हणजे सॉफ्टवेअर सल्ला आणि अंमलबजावणी, हा संकेतांक लागू पडेल असे मला वाटते. तरी आपल्या सीएकडून एकदा खात्री करून घ्या. मग तो प्रत्येक बिलावर छापा आणि खाते उघडतानाच त्याचे एक पत्र शाखेत देऊन पोचीचा शिक्का घ्या. दाखला प्रत्येक वेळी अर्ज करून मागावा लागतो की आपोआप ईमेलने येतो, आणि त्याला पैसे पडतात का, हेही त्याच भेटीत विचारा.

पेपल, पेओनियर, वाइज यांसारख्या सेवांचाही विचार तुमच्या मनात असेल. जर्मनीतल्या ग्राहकाला त्या सोयीच्या वाटतात, त्यामुळे त्या टाळाच असे मी म्हणणार नाही. मात्र अशा मार्गाने आलेली रक्कम पुष्कळदा देशांतर्गत हस्तांतराच्या रूपात, रुपयांतच, तुमच्या खात्यावर पडते आणि खातेउताऱ्यावरून ती परदेशातून आली हे कळतही नाही. तेव्हा दाखला त्या सेवेकडून किंवा तिच्या भागीदार बँकेकडून मिळतो का, हे आधी पाहा आणि मिळाला की लगेच उतरवून ठेवा.

हे दाखले तुम्हाला लवकरच लागतील. वरच्याच दराने तुमची वर्षाची कमाई १६ लाख २० हजार होते आणि सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा २० लाख आहे. एखादा ग्राहक वाढला की ती ओलांडली जाईल. सेवेच्या निर्यातीवर कराचा दर शून्य आहे, पण कर न भरता बिल करायचे असेल तर दर आर्थिक वर्षासाठी एलयूटी हे हमीपत्र भरावे लागते, आणि मोबदला परकीय चलनात मिळाल्याचा पुरावा जवळ असावा लागतो.

डॉलरमध्येच पैसे ठेवता येणाऱ्या ईईएफसी खात्याचीही कोणी शिफारस करील. त्यावर व्याज नाही, आणि एका महिन्यात जमा झालेली रक्कम पुढच्या महिनाअखेरपर्यंत रुपयांत बदलावीच लागते. परदेशी सॉफ्टवेअरचे मोठे शुल्क तुम्ही डॉलरमध्ये भरत नसाल, तर तूर्त त्याची गरज नाही.

खाते उघडल्यावर दोन्ही ग्राहकांना लगेच नवा तपशील कळवू नका. अमेरिकेतल्या ग्राहकाकडून आधी २०० डॉलरचे एखादे छोटे बिल या खात्यावर घ्या. पैसे किती दिवसांत आले, कोणत्या दराने आले आणि दाखल्यावर कोणता संकेतांक पडला, या तीन गोष्टी तपासा. संकेतांक चुकला असेल तर त्याच आठवड्यात लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्यासाठी संविधान चौकाजवळच्या कार्यालयात खेटे घालण्याची गरज नाही. तोपर्यंत जुने खाते बंद करू नका, कारण जर्मनीतल्या ग्राहकाचे पैसे अजून तिथेच येत असतील.